किती दिवसांपासून?

सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीबाहेरचा बाक. तिशी ओलांडलेली एक बाई, सोबत नवरा आणि सासू. नवऱ्याच्या हातात कॅरीबॅग आणि तिच्यात काही वर्षांचे कागद: दोन ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, डोक्याचा सीटी स्कॅन, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. बाईच्या मनगटावर काळा दोरा, गळ्यात ताईत. आत गेल्यावर ती सांगते, "डोकं दुखस, जीव घाबरस." हातापायांत त्राण नाही, झोप लागत नाही, गावातल्या डॉक्टरने दोनदा सलाईनही लावले. 'उदास' हा शब्द तिच्या तोंडून एकदाही येत नाही. केस पेपरवर लिहिता लिहिता डॉक्टर विचारतात, "कितला दिन व्हयनात?"

उत्तरे तीन येतात. नवरा म्हणतो, तीन वर्षे. सासू म्हणते, लग्न होऊन आली तेव्हापासून ही अशीच. बाई बराच वेळ गप्प राहते आणि मग सांगते, धाकटी झाली त्या वर्षी कापूस वेचायला जायचे बंद झाले, तेव्हापासून. डॉक्टर पेन उचलतात ते या तिसऱ्या उत्तरावर.

असे बाक आणि अशा कॅरीबॅगा जळगावलाही दिसतात, धुळ्यालाही. मनाचा आजार घरात शिरला की आपला पहिला प्रश्न असतो, "कुणी केलं?" तो जरा सुशिक्षित झाला की "कशाचं टेन्शन घेतलं?" असा होतो. दोन्ही प्रश्नांना कुणीतरी दोषी हवा असतो. वैद्यकाचा प्रश्न साधा आहे: किती दिवसांपासून? मनोविकार समजून घेण्याची, त्यांचे निदान करण्याची आणि उपचार पुरे करण्याची वाट या प्रश्नावरून जाते. खान्देशात ती वाट कुठे मोकळी आहे आणि कुठे अडते, ते पाहू.

आकड्यांचा अंदाज

देशातले सर्वांत मोठे मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केले. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आयुष्यात कधीतरी झालेला आजार धरला तर प्रमाण १३.७ टक्क्यांवर गेले. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे इथला आकडा अंदाजानेच काढावा लागतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती, धुळ्याची २० लाखांवर. त्यातले प्रौढ धरून हीच टक्केवारी लावली तर दोन जिल्ह्यांत मिळून चार लाखांच्या आसपास माणसे निघतात. यातली बहुतेक माणसे कामाला जातात, स्वयंपाक करतात, लग्नाच्या पंगतीत वाढतात. ती वेडी दिसत नाहीत, म्हणून आजारीही दिसत नाहीत.

याचे मूळ 'वेडा' या शब्दाभोवती आपण रेखाटलेल्या नकाशात आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ब्रिटिश काळापासून चार ठिकाणी आहेत: नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि पुण्याचे येरवडा. खान्देशात एकही नाही. त्यामुळे इथे मनाचा आजार म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि 'याला ठाण्याला न्या', 'येरवड्याला टाका' ही शिवी. आजार घरापासून इतका लांब नेऊन ठेवला की घरातली न झोपणारी बाई कुणाला रुग्ण वाटत नाही.

परिस्थिती पूर्वीइतकी वाईट मात्र राहिलेली नाही. धुळ्यात १९८९ पासून भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही शहरांत खासगी वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि स्वतंत्र दवाखाने चालवणारे मानसोपचारतज्ज्ञही. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. हे उपचार जिल्हा रुग्णालयात आणि तिथून खाली तालुक्यापर्यंत मिळावेत, हा त्याचा हेतू. पाल किंवा बोराडीसारख्या दूरच्या गावातल्या माणसाला आज ठाणे गाठावे लागत नाही. मात्र जळगाव किंवा धुळे गाठेपर्यंतच त्याची काही वर्षे निघून जातात.

दुःख आणि आजार यांच्यातली रेघ

नापिकी झाली, केळीचा भाव पडला, मुलगी परत माहेरी आली, तर माणूस उदास होणारच. मग आजार कुठे सुरू होतो? जगभर वापरात असलेल्या दोन वर्गीकरणांनी ही रेघ बरीचशी काळावरून आखली आहे. एक जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी, ज्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दुसरे अमेरिकन मानसोपचार संघटनेचे डीएसएम.

उदासी, कशातच रस न वाटणे, थकवा, झोप आणि भूक बिघडणे, स्वतःला नालायक समजणे, मरणाचे विचार, यांतली बरीच लक्षणे निदान दोन आठवडे, जवळपास रोज आणि दिवसाचा मोठा भाग टिकली, तर ते नैराश्य. सतत सगळ्याचीच काळजी, अंग आखडलेले, झोप तुटलेली, हे सहा महिने चालले तर डीएसएम त्याला चिंताविकार म्हणते. अचानक छाती धडधडून 'आता मी मरतो' असे वाटणारा झटका काही मिनिटांत टोकाला पोचतो आणि ओसरतो. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, आणि ईसीजी नॉर्मल येतो तो यामुळेच. झोपेची गरज संपली, बोलणे थांबत नाही, उधारीवर मोटारसायकल आणली, मी आमदार होणार म्हणून गावभर सांगितले, असे आठवडाभर चालले तर तो उन्माद, म्हणजे द्विध्रुवी विकाराचा चढा काळ. कुणी नसताना आवाज ऐकू येणे, शेजारी जेवणात काही कालवतात अशी पक्की खात्री, बोलण्याचा धागा तुटणे, हे महिनाभर राहिले तर आयसीडीनुसार स्किझोफ्रेनियाचा विचार होतो. डीएसएम एकूण सहा महिने पाहते. हात धुणे, कडी तपासणे, 'विटाळ झाला' म्हणून पुन्हा पुन्हा आंघोळ करणे यांत रोजचा तासाहून अधिक वेळ जात असेल, तर ते सोवळे उरत नाही, मंत्रचळ होतो.

मृत्यूच्या दुःखालाही या पुस्तकांनी मुदत घातली आहे, आणि त्यावर जगभर वादही झाले. २०२२ च्या सुधारित डीएसएममध्ये प्रौढांसाठी ती एक वर्ष आहे. मुदत आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. आपल्याकडे वर्षश्राद्ध झाले की घरात गोडधोड आणि शुभकार्ये पुन्हा सुरू होतात. त्यानंतरही एखादी आई रोज ताट वाढून मुलाची वाट पाहत बसत असेल, तर तिला समजूत पुरत नाही, मदत लागते.

मुदत सरली की शिक्का, असा याचा अर्थ नव्हे. काळाच्या जोडीला दुसरी कसोटी असते: काम, नाती आणि स्वतःची निगा किती बिघडली? पंधरा दिवस उदास असूनही शाळेत शिकवणारा मास्तर आणि पंधरा दिवस अंथरुणातून न उठलेला मास्तर यांना एकच चिठ्ठी मिळत नाही.

निदान कसे होते

मधुमेहाला साखर मोजता येते. नैराश्य मोजणारी रक्तचाचणी अजून नाही, आणि मेंदूचे स्कॅन काढून स्किझोफ्रेनियाचे निदान होत नाही. मग रक्त कशाला तपासतात? शरीराचा आजार मनाच्या आजाराचे सोंग घेऊन येऊ शकतो म्हणून. थायरॉईड मंदावले की माणूस सुस्त आणि उदास होतो. बी-१२ कमी पडले तर विसराळूपणा आणि चिडचिड येते. रक्तक्षयात जीव घाबरतो. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांतून आलेला तरुण सतत थकलेला असेल तर सिकलसेलची तपासणी आधी. म्हाताऱ्या माणसाने परवा रात्रीपासून अचानक बरळायला सुरुवात केली, तर त्याला म्हातारचळ म्हणून घरी बसवू नये. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा सोडियमची घसरण काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत असे चित्र उभे करू शकते. स्मृतिभ्रंश मात्र महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षाने येतो. इथेही प्रश्न तोच: किती दिवसांपासून?

शरीराची बाजू पाहून झाली की उरते ते बोलणे. रुग्णाशी, घरच्यांशी, आणि दोघांशी वेगवेगळे. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक छोटी तक्ता-चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झाले, एवढेच ती विचारते, आणि दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की सविस्तर तपासणी करावी लागते. आरोग्य सेविकेलाही ती भरता येते. अडचण भाषेची असते. पुस्तकी मराठीत 'आपणांस निराश वाटते का?' असे विचारले की मान नकारार्थी हलते. अहिराणीत, लेवा बोलीत किंवा पावरीत 'कामात जीव लागतो का, जेवण गोड लागतं का' असे विचारले की बोलणे सुरू होते. आपल्याकडे मनाची तक्रार छाती, पोट, डोके आणि कंबर यांच्या तोंडून बोलते. ती ऐकण्याचा कान ज्याला आहे, त्याचे निदान पहिल्या भेटीत अर्धे झालेले असते.

घरात चुकणारे चार प्रसंग

पहिला दारूचा. वीस वर्षे पिणारा माणूस एके दिवशी देवाची शपथ घेऊन माळ घालतो आणि दारू एकदम बंद करतो. घरात आनंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, रात्री त्याला भिंतीवर किडे दिसतात, मेलेला भाऊ दारात उभा दिसतो. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. खरे तर दारूला सरावलेला मेंदू ती अचानक तुटल्याने भडकलेला असतो. हे जिवावर बेतू शकते. रुग्णालय, गुंगीची योग्य औषधे आणि थायमिन यांनी माणूस काही दिवसांत शुद्धीवर येतो. दारू सोडण्याचा निर्धार चांगलाच, पण रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

दुसरा बाळंतिणीचा. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तिची झोप उडते, ती असंबद्ध बोलते, बाळ आपले नाहीच म्हणते. याला बाळंतवात म्हणून शेक-शेगडीवर भागवले जाते. प्रसूतीनंतरचा हा तीव्र मनोविकार आई आणि बाळ दोघांना धोक्याचा आहे, त्यात त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात.

तिसरा दातखिळीचा. नवी सून, घरात भांडण, आणि ती दात आवळून निपचित पडते. कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल, कुणी नाक दाबून धरतो. बहुतेकदा ही अपस्माराची फिट नसते. जे तोंडाने बोलायची सोय नाही ते शरीर बोलते. म्हणून ते 'नाटक'ही नसते, ती ते ठरवून करत नाही. इथे आधी खरी फिट नाही ना हे तपासायचे आणि मग तिला एकटीला बसवून तिचे म्हणणे ऐकून घ्यायचे.

चौथा, कॉलेजच्या पोराचा. बारावीला बरे गुण होते, आता खोलीतून बाहेर येत नाही, आंघोळ टाळतो, एकटाच पुटपुटतो. घर म्हणते, आळशी झाला, मोबाईलने बिघडला, लग्न लावून द्या म्हणजे सुधारेल. मनोविकाराची पहिली लाट बऱ्याचदा याच वयात येते, आणि उपचारांविना जितके महिने जातील तितके पुढचे सावरणे कठीण होते. लग्न हा उपचार नाही. त्याने एका रुग्णाच्या जोडीला दुसरे आयुष्य पणाला लागते.

औषध या शब्दाचे दोन अर्थ

खान्देशच्या कापूस पट्ट्यात डॉक्टर देतो ते औषध आणि शेतात फवारतो तेही औषध. 'त्याने औषध घेतलं' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होते. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. प्रत्येक आत्महत्येमागे मनोविकारच असतो असे नाही. कर्ज, नापिकी आणि घरातली हिंसा यांना गोळी नाही. पण मरणाची ऊर्मी बऱ्याचदा काही तासांची असते, आणि तेवढा वेळ माणसाच्या सोबत कुणी असले आणि फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात असली, तर जीव वाचतो. 'मरणाचे विचार येतात का?' असे विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट कुणीतरी विचारले म्हणून माणूस बोलता होतो. अमळनेरच्या विद्यार्थ्यांवर आईची माया करणाऱ्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले. इतक्या वर्षांनी त्यांचे निदान करत बसणे उद्धटपणाचे होईल. दुसऱ्यांना धीर देणाऱ्यालाही कुणीतरी 'तुम्ही कसे आहात?' असे विचारावे लागते, एवढे मात्र त्यातून घ्यावे.

आता डॉक्टरच्या औषधांविषयी. उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवले. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन आले आणि साखळदंडाची सद्दी संपण्याची शक्यता निर्माण झाली. त्याच्या एकवीस वर्षे आधी, १९३१ मध्ये, कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडेपणावर आणि रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण नोंदवून ठेवला होता. आज नैराश्य, चिंता, मंत्रचळ, उन्माद आणि स्किझोफ्रेनिया या सर्वांवर औषधे आहेत, आणि बरीचशी स्वस्त आहेत.

रुग्ण गळतात ते पुन्हा काळाच्याच गणितात. नैराश्याच्या गोळीचा त्रास, मळमळ किंवा डोके जड होणे, पहिल्या आठवड्यात जाणवतो. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मधल्या काळात रुग्ण म्हणतो, 'गरम पडली', आणि आठव्या दिवशी गोळी बंद. याउलट झोपेची अल्प्राझोलामसारखी गोळी अर्ध्या तासात गुण दाखवते म्हणून आवडते. सवय लावते ती हीच. नैराश्याच्या गोळीची तशी चटक लागत नाही, आणि बदनाम मात्र ती होते. बरे वाटल्यावरही नैराश्याची गोळी साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायची आणि हळूहळू उतरवायची असते. बंद करण्याची तारीखही डॉक्टरनेच ठरवायची.

खान्देशच्या उन्हाचाही इथे संबंध येतो. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ घामाने कमी झाले की रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, जुलाब, गुंगी ही तिची लक्षणे. मनोविकारावरच्या इतर काही औषधांनी शरीराची घाम काढून थंड होण्याची ताकद कमी होते. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी शेतात न जाणे, पाणी भरपूर पिणे आणि लिथियमची रक्तपातळी वेळेवर तपासणे हा या भागात उपचाराचाच भाग धरावा.

विजेच्या उपचाराला, म्हणजे 'शॉक'ला, सिनेमांनी राक्षस बनवले आहे. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेली ही पद्धत आज भूल आणि स्नायू सैल करणारे इंजेक्शन देऊन वापरतात. भुलीशिवाय शॉक देणे कायद्याने बंद आहे. खाणेपिणे सोडलेल्या किंवा जिवावर उठलेल्या तीव्र नैराश्यात तो लवकर गुण देतो. नंतर काही काळ विसरायला होते, हे रुग्णाला आधी सांगायला हवे.

बोलून करायचा उपचार म्हणजे उपदेश नव्हे. 'सकारात्मक राहा' हे शेजारीही सांगतो. विचार, वागणूक आणि भावना यांची गाठ कुठे पडली आहे हे समुपदेशक ठरावीक बैठकांत रुग्णाबरोबर शोधतो. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, त्यामुळे मराठी वाचक या वाटेला अनोळखी नाही.

देव, दर्गा आणि कायदा

श्रावणात कानबाईच्या उत्सवात एखादीच्या अंगात येते, गाणी होतात, रोट होतात, विसर्जन झाले की ती कामाला लागते. हा आजार नाही. आयसीडीसुद्धा धर्म-परंपरेला मान्य असलेल्या अशा अवस्थेला विकार म्हणत नाही. अंगात येणे उत्सव संपला तरी थांबत नसेल, नको असताना येत असेल, तिचे जगणे त्यामुळे मोडत असेल, तर विचार करावा.

भगत, बडवा, देऊळ, बुलढाणा जिल्ह्यातला सैलानी बाबांचा दर्गा, हे खान्देशातल्या पुष्कळ कुटुंबांचे पहिले थांबे आहेत. त्यांची टिंगल करून रुग्ण दवाखान्यात येत नाही. तिथे माणसाला कुणीतरी ऐकून घेते, धीर मिळतो, आणि आजार 'त्याचा दोष' राहत नाही. पण तिथे दिवस जातात, आणि काही ठिकाणी माणसे बांधली जातात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मात्र 'दवा आणि दुआ' हा प्रयोग झाला. मुजावर दुआ करतात आणि आवारातच मानसोपचारतज्ज्ञ गोळी देतात. असा एखादा टेबल आपल्याकडच्या यात्रेतही मांडता येईल.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चपलेचे पाणी पाजणे हे त्याने गुन्हे ठरवले. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, कोणालाही कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही, विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखीच वागणूक द्यावी लागते, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून सरकारने त्याची काळजी घ्यायची, हे त्यात आहे. आपण आजारी पडलो तर कसे उपचार हवेत आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे आधी लिहून ठेवण्याची सोयही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराला २१ दिव्यांगत्वांत जागा दिली. दीर्घ आजार असलेल्यांच्या कुटुंबांनी ते प्रमाणपत्र काढून घ्यावे.

धुळ्याचे वाणी

मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. त्या काळच्या पुष्कळ कुटुंबांसारखे ते हे लपवू शकले असते. त्यांनी ते जाहीरपणे सांगितले आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला, त्यामागेही त्यांचा आधार होता. भ्रमात गुंतलेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ती गोष्ट. हा आजार काय असतो हे अनेक मराठी घरांना पहिल्यांदा तिथे कळले.

या चळवळीने मराठीला दोन शब्द दिले. रुग्ण तो शुभार्थी, त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. शब्द बदलून आजार जात नाही, पण 'वेड्याचा बाप' म्हणवून घेणारा माणूस 'शुभंकर' म्हणून स्वमदत गटात दुसऱ्या बापाशेजारी बसू शकतो. त्या गटांत तज्ज्ञाला माहीत नसलेल्या गोष्टी कळतात: गोळी जेवणानंतर कशी आठवणीने द्यायची, संशय घेणाऱ्याशी वाद का घालायचा नाही, चार दिवस झोप बिघडली की झटका जवळ आला हे कसे ओळखायचे. घरातली सततची टीका आणि टोमणे यांनी आजार उलटतो, हे लंडनमधल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या पाहणीत आग्र्यासारख्या केंद्रांतले रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे सावरलेले दिसले. त्यावर पुढे वाद झाले, तरी घर आणि काम यांचे बळ कुणी नाकारले नाही. धुळ्याच्या माणसाने पुण्यात लावलेले हे रोप धुळे-जळगावच्या तालुक्यातालुक्यांत हवे आहे. त्याला इमारत लागत नाही, महिन्यातून एकदा दोन तास मोकळी असलेली शाळेची खोली पुरते.

ओट्यापासून सुरुवात

तज्ज्ञ थोडे आहेत आणि लवकर वाढणार नाहीत. मग काय करायचे, याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळते. २०११ पासून अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवले, त्यांनी घरोघरी बोलणे सुरू केले, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याचे रुग्ण सावरून दाखवले. झिम्बाब्वेत हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाकावर आज्या बसतात आणि येणाऱ्याचे ऐकतात. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याचे नाव आहे कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणे. आपल्याकडेही 'ती फार विचार करते' असेच म्हणतात, आणि ओट्यावर बसणाऱ्या आज्या आपल्याकडेही आहेत.

कापूस तोच, कर्ज तेच, फवारणी तीच, तरी २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सुरू झालेला राज्याचा प्रेरणा प्रकल्प विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांसाठी होता. खान्देश त्यात नव्हता. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला मानसोपचाराचा वार, आशाताईंच्या हातात त्यांच्या बोलीतले नऊ प्रश्न, आणि तालुक्याच्या औषध भांडारात खंड न पडता पाच-सहा मूलभूत गोळ्या, एवढी मागणी दोन जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली, तरी ओपीडीबाहेरच्या बाकावरच्या कॅरीबॅगा हलक्या होतील.

तोवर फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य चालू आहे, आणि मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर आजच, या घडीला फोन लावा, आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

आणि एक काम घरच्या घरी करता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे लिटर, गॅसची टाकी, पाहुण्यांचे येणे सगळे लिहितो. ज्या रात्री घरातल्या कुणाची झोप उडाली, ज्या दिवशी कुणी जेवण टाकले, ज्या दिवसापासून कुणी बोलेनासे झाले, ती तारीखही तिथेच लिहून ठेवा. पंधरा चौकटी भरल्या की कॅलेंडरचे ते पान मोबाईलवर टिपून घ्या आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार आहेत.